भगत सिस्टर आणि नागिणीची लस

यवतमाळातल्या एका औषध दुकानदाराने भगत सिस्टरला फसवलं. माझ्या हाताने फसवलं. नागिणीच्या लसीच्या जागी चालते म्हणून त्याने मला कांजिण्यांची लस दिली, आणि मी ती भाव पाडून, वर त्याचेच आभार मानून घाटंजीला घेऊन आलो. हे आधी सांगून टाकतो, कारण ते पोटात ठेवून सिस्टरबद्दल धड काही लिहिता येणार नाही.

घाटंजीत माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात सायकलवर झाली. खेड्याखेड्यांत जुने कपडे घ्यायचे आणि त्यावर भांडी द्यायची. लुगड्याला हात लावला की त्याच्यावर वाटी द्यायची की गंज, म्हणजे मोठं पातेलं, हे मला कळायचं. बायका वाघिणीसारख्या भांडायच्या आणि मीही तसाच भांडायचो. भाव करण्यात मला हरवणारं माणूस मी एकच पाहिलं. ते भगत सिस्टर.

पहिली गाठ माझ्या मोठ्या मुलाच्या लसीवरून पडली. त्याला पहिल्या सुईनंतर ताप आला होता, म्हणून दुसरीला मी नेलंच नाही. दुपारी दुकानासमोर लूना थांबली. पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर निळी लसपेटी. बाई उंचीने माझ्या खांद्याएवढी.

"गजानन तूच काय? पोराले काहून नाई आणलं?"

"ताप येते, सिस्टर."

"येऊ दे. ताप दोन दिवसाचा. घटसर्प झाला तं पोरगं जाते. दोनातलं काय पायजे ते घे."

मी सवयीने विचारलं, "तीनच्या जागी दोन सुयांत नाही का भागणार?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग फळीवरचा एक गंज उचलला, उलटा केला आणि बुडावर बोटाने टकटक केलं. "याचं बूड काढून देतो काय मले? अर्ध्या भावात?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही हसली. मी शटर अर्धं ओढलं आणि पोराला आणायला घरी गेलो.

त्यांचं उपकेंद्र गावाबाहेर होतं. हद्दीत पाच-सहा खेडी आणि टेकडीकडची कोलामांची पोडं, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्त्या. पोडावर जीप जायची नाही. सिस्टर कोलामी शिकल्या होत्या, तीही भांडण्यापुरती नाही, सुखदुःख विचारण्यापुरती. मी भांडी घेऊन तिकडे जायचो तेव्हा कधी कधी त्यांची पेटी माझ्या सायकलला अडकवायचो. पायवाटेने त्या पुढे आणि मी मागे. "हळू चाल बे, तुह्या गंजाले धक्का लागला तं पोचा पडंन, माह्या बाटलीले लागला तं पोरगं पडंन."

लसीबाबत त्यांचे दोन नेम होते. पहिला बर्फाचा. फ्रीजरमधून काढलेली बर्फाची पिशवी त्या लगेच पेटीत ठेवत नसत. टेबलावर ठेवून वाट पाहत. मला वाटायचं, वेळ घालवतात. एकदा मी म्हणालोच, "सिस्टर, ऊन चढून राह्यलं. टाका ना बर्फ, जेवढा थंड तेवढा चांगला."

"तुले थंडी वाजली तं तू मरतो काय?"

"नाही."

"गोठला तं मरतो. लसीचंही तसंच हाय. पिशवीले घाम सुटू दे. हलवली की आत पाण्याचा आवाज आला पायजे. मंग ठेवायची."

दुसरा नेम वाचण्याचा. बाटली फ्रीजमधून काढताना त्या मोठ्याने वाचत, सुईत भरण्याआधी वाचत आणि रिकामी बाटली टाकतानाही वाचत. नाव, तारीख, मुदत. अक्षर बारीक असलं तर बाटली उजेडाला धरून वाचत. रोज तीच लस, तेच नाव. पोथी वाचल्यासारखं. मी एकदा विचारलं, "पाठ झालं नाही का अजून?"

"पाठ झालं म्हणूनच वाचतो. पाठ झालेला माणूसच चुकते."

हे वाचणं पुढे किती कामाचं ठरणार होतं, ते तेव्हा मला काय ठाऊक!

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. त्याच दिवशी उपकेंद्रात नव्याने लागलेल्या मुलाने लसपेटी भरली होती, गोठलेल्या पिशव्या तशाच टाकून. सिस्टरनी धनुर्वाताची एक बाटली काढली, आपल्याकडची एक चांगली बाटली घेतली, दोन्ही हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. साहेब घड्याळ पाहत होते. बाहेर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. चांगल्या बाटलीतलं औषध दुधाळच राहिलं. दुसरीत खाली गाळ बसला आणि वर पाणी दिसायला लागलं.

"ही गोठली होती," सिस्टर म्हणाल्या. "पूर्ण पेटी बाद."

"अहो, लोक थांबलेत. आजच्या दिवस चालवून घ्या."

"साहेब, तुमचं लेकरू असतं तं?"

सिस्टर बाहेर आल्या, चाळीस बायांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज सुई नाई. औषध खराब झालं. चूक आमची हाय. उद्या सकाळी मी तुमच्या घरी येतो, तुमी येऊ नका." दुसऱ्या दिवशी खरंच घरोघरी गेल्या. सरकारी माणसाने भर लोकांत "चूक आमची" म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी स्वतः धंद्यात तोवर एकदाही म्हटलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं. नवरा आधीच गेलेला. मुलगी प्रज्ञा नागपूरला शाळेत शिकवते. सिस्टरची पाठ दुखायला लागली ती याच काळात. सगळे म्हणाले वय झालं, लूनाने मणका गेला. नागपूरला तपासलं तेव्हा हाडांच्या मगजातला कॅन्सर निघाला.

तिथल्या उपचाराला स्टेम सेल ट्रान्सप्लांट म्हणतात. मला ते त्यांनीच समजावून सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून. "माह्या रक्तातून बी काढून ठेवलं. मंग जहाल औषध देऊन आतलं सगळं वावर जाळलं, तण अन् पीक दोन्ही. अन् मंग माह्यंच बी पुन्हा पेरलं. आता उगवून राह्यलं."

"म्हणजे बऱ्या झालात?"

"रोग दबला. पण वावर जळालं तेव्हा जुनं सगळं गेलं. लहानपणापासून घेतलेल्या लसी, अंगात जमलेली ताकद, सगळी पुसली. आता मी सहा महिन्याचं लेकरू हाय."

मला वाटलं थट्टा करतात. ती थट्टा नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती आणि लसी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या होत्या. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर मास्क लावून, डोक्याला रुमाल बांधून आरोग्य केंद्रात गेल्या. डोक्यावर तेव्हा नुकते बोटभर केस आले होते. मी सोडायला गेलो होतो. बाया मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्यापासून थोडं दूर, खिडकीजवळच्या बाकावर सिस्टर, हातात लहान मुलांचं लसीकरण कार्ड. कार्डावर बाळाचं नाव लिहिण्याच्या जागी स्वतःचं नाव. स्वतःच्याच अक्षरात.

तिथली तरुण नर्स त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिचा हात पुढे होईना. "सिस्टर, तुम्हाला मी कशी सुई देऊ?"

"जशी मी शिकवली तशी. आधी वाच."

तिने वाचलं. "मोठ्यानं," सिस्टर म्हणाल्या. तिने मोठ्याने वाचलं. मग सिस्टरनी दंड पुढे केला. एका बाईने आपल्या रडणाऱ्या पोराला म्हटलं, "पाय, आजी रडली काय?" सिस्टर त्या पोराला म्हणाल्या, "मले रडाची लाज वाटते बाप्पा. तू रड. तुह्या वाट्याचं अन् माह्याही."

ज्या बाईने अख्ख्या तालुक्याला टोचलं, ती वयाच्या साठीनंतर पहिल्या सुईपासून सुरुवात करत होती, आणि त्यात तिला काही अपमान वाटत नव्हता. मी दारात उभा होतो. तिथून बाहेर गेलो आणि रस्त्यावरच्या एका मोटरसायकलवाल्याशी उगाच भांडलो.

ट्रान्सप्लांटला साधारण वर्ष झालं तेव्हा नागिणीचं निघालं. लहानपणी ज्यांना कांजिण्या येऊन गेल्या, त्यांच्या अंगात तो विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो. अंगातली ताकद कमी झाली की उठतो आणि नागीण होऊन बाहेर पडतो. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला त्याची भीती सगळ्यात जास्त. ते होऊ नये म्हणून सिस्टर रोज गोळ्या घेत होत्या. पण किडनीवर ताण दिसला, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि नागिणीच्या लसीची चिठ्ठी दिली. दोन सुया, एक-दोन महिन्यांच्या अंतराने. ही लस सरकारी केंद्रात मिळत नाही. विकत आणायची.

"प्रज्ञाले सांगतो, नागपूरहून आणंन," सिस्टर म्हणाल्या.

मी मध्ये पडलो. "तिला कायले त्रास? मी उद्या यवतमाळले चाललोच. बरोबर भावात आणतो."

सिस्टरनी चिठ्ठी दिली. "चिठ्ठीवर आहे तेच नाव पाय. अन् बिल घे."

दुकानदाराने किंमत सांगितली आणि माझं डोकं फिरलं. एवढ्याशा बाटलीला एवढे? मी भाव केला. तो हलेना. मी निघायचं नाटक केलं, पुन्हा आलो. तासभर त्याला छळला. शेवटी तो म्हणाला, "शेटजी, नागीण अन् कांजिण्या, विषाणू एकच. ही कांजिण्यांची लस घ्या, काम तेच. कितीतरी स्वस्त." मी त्यातही आणखी पाडले. तो म्हणाला, "मग बिल नाही मिळणार." मी म्हणालो, "नको बिल." थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून घेतला आणि रस्ताभर शीळ घालत आलो. गावात चौघांना सांगितलंही.

सिस्टरनी डबा उघडला. आधी बर्फाला हात लावून पाहिला. मग खोका काढला, दारात उजेडाला आल्या आणि वाचला. पुन्हा वाचला. मग खाली ठेवून मला म्हणाल्या, "गजानन, इकडे ये. हे वाच."

"मला इंग्रजी कुठं..."

"अक्षरं तं येतात. एकेक वाच."

मी वाचलं. एल. आय. व्ही. ई.

"लाइव्ह. म्हंजे जिवंत. याच्यात कांजिण्याचा जिवंत विषाणू हाय, दुबळा केलेला. तुह्या नातीले दिला तं चांगलं, तिचं अंग त्याले आवरते. माह्या अंगात आवरणारं अजून कोणी नाई. हे मले टोचलं असतं तं लसीनंच आजारी पडली असती. कदाचित गेलीही असती. चिठ्ठीवरच्या लसीत जिवंत काईच नाई, म्हणून ती मले चालते."

मी भिंतीला टेकलो. त्यांनी मला पाणी दिलं. मला! शिव्या द्यायच्या सोडून पाणी दिलं, आणि विचारलं, "बिल?"

"मीच नको म्हटलं."

त्या म्हणाल्या, "बरं. सोड त्याले. प्रज्ञाले फोन करतो."

तिथे मी दुसरी चूक केली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. मी म्हणालो, "नाही सिस्टर. त्याच्याकडूनच खरी लस आणतो. नाही आणली तर नावाचा गजानन नाही." त्या नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. दुकानात जाऊन आरडाओरडा केला. दुकानदार थंडपणे म्हणाला, "मागवून देतो, परवा येते." परवा गेलो, "सोमवारी येते." मी सिस्टरना दर वेळी सांगायचो, आली समजा. माझा इरेला पेटलेला अहंकार होता, दुसरं काही नाही. तीन आठवडे गेले. शेवटी सिस्टरनी मला न विचारता प्रज्ञाला सांगितलं, आणि प्रज्ञा शनिवारी लस घेऊन निघणार असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी सिस्टरनी माझ्या बायकोला, शोभाला, हाक मारली. "डाव्या कुशीत आग होऊन राह्यली. कातडीवर काईच नाई. मले समजलं हे काय हाय. गजाननले म्हणा गाडी काढ, नागपूरले जायचं. आत्ताच." पुरळ उठण्याच्या आधी त्यांनी ओळखलं. मी गाडी आणेपर्यंत कुशीवर लाल पट्टा दिसायला लागला होता.

गल्लीला बातमी लागायला किती वेळ? कुणीतरी नागीण उतरवणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन आलं. आमच्याकडे समज असा, की नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती जुळलं की माणूस संपला, म्हणून मंत्र म्हणून गेरूची रेघ मारतात आणि तिची वाट अडवतात. म्हातारा गेरूची वाटी घेऊन दारात उभा. मी त्याच्यावर धावून जाणार होतो. सिस्टरनी मला हाताने मागे सारलं.

"या बाबा. बसा. मंत्र म्हणायचा तं म्हणा, तिथूनच. फोडाले हात नका लावू. तुमच्याजवळ किती लोक येतात नागीणवाले?"

"येतात, मायबाई. महिन्याकाठी चार-दोन."

"मंग माह्यं एक काम करा. आला की त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. तीन दिवसाच्या आत गोळी सुरू झाली पायजे. मंत्र तुमचा, गोळी दवाखान्याची. नाव तुमचंच होईन. अन् बाबा, घरी जाऊन लेकरांले घ्याच्या आधी हात धुवा."

वेदनेने त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं, एक हात कुशीवर होता, आणि त्या लसीकरणाच्या दिवशी बोलायच्या त्याच आवाजात बोलत होत्या. म्हाताऱ्याने मंत्र म्हटलाच नाही. मोरीवर जाऊन दोनदा हात धुतले आणि गेला. तो अजूनही लोकांना आधी दवाखान्यात पाठवतो.

नागपूरला त्यांना भरती केलं. उपचार पहिल्याच दिवशी मिळाल्यामुळे जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. फोड सुकले, पण आग राहिली. कुशीला साडी टेकली तरी चटका बसायचा. पदर सतत हाताने कुशीपासून दूर धरून चालायच्या. कधी बोलता बोलता थांबायच्या, डोळे मिटायच्या, आणि मग वाक्य तिथूनच पुढे न्यायच्या.

मी एकदा हात जोडले. म्हणालो, "माझ्यामुळे झालं."

"पहिली सुई वेळेवर घेतली असती तरी नागीण आलीच नसती, असं मी सांगू शकत नाई. एका सुईत पूर्ण ताकद येत नाई. जे माहीत नाई ते मी बोलत नाई. पण तीन आठवडे तू खाल्ले, हे खरं हाय."

यापुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही. नागीण पूर्ण बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांनी खरी लस घेतली, दोन्ही सुया. पुन्हा होऊ नये म्हणून.

दुसऱ्या सुईनंतर आठवड्याभराने त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चाल, यवतमाळले. तुह्या त्या दुकानात."

मला आनंद झाला. वाटलं, आता सिस्टर त्याला सोलून काढतील. दुकानात गर्दी होती. त्या ओळीत उभ्या राहिल्या. मास्क, जाड भिंग, डाव्या हाताने पदर कुशीपासून दूर धरलेला. नंबर आल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पेन उघडलं.

"भाऊ, मी कोणाची तक्रार घेऊन नाई आली. मले एवढंच सांगा. नागिणीच्या लसीची चिठ्ठी घेऊन तुमच्याजवळ आणखी कोण कोण आलतं? त्यांले तुमी कोणती लस दिली? ज्याचं ट्रान्सप्लांट झालं असंन, कॅन्सरचं औषध चालू असंन, त्याले मी फोन करतो. तुमचं नाव नाई घेत."

दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्याकडं बिल आहे?"

"नाई."

"मग?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय शेटजी, भाव कोणी पाडला होता?"

मी काउंटरवर हात आपटणार होतो. सिस्टर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्याचं मी त्याच्याजवळ पायलं. आता तुमाले विचारून राह्यली. नावं सांगा."

त्याने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली. सिस्टर बाजूला सरकल्या, पण गेल्या नाहीत. कोऱ्या पानावर पेन टेकवून उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं आली आणि गेली. कोणी खुर्ची दिली, ती नको म्हणाल्या, बसलं की कुशीला टोचतं. दुकान जेवणासाठी बंद होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. तो एकदाही त्यांच्याकडे वळला नाही. मग त्यांनी पानावर आपला फोन नंबर लिहिला, पान फाडलं आणि काउंटरवर ठेवलं. "आठवलं तं कळवा. कवाही." पायरी उतरताना त्यांनी एक क्षण डोळे मिटले. आग उठली असावी. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्या स्वतःच्या पायावर माझ्यासोबत गावाबाहेर आल्या ती शेवटची वेळ.

हिवाळ्यात कॅन्सर उलटला आणि सिस्टर गेल्या. नागिणीने गेल्या नाहीत, हे मी कबूल करतो. पण डॉक्टरांनी जे दिवस त्यांना परत मिळवून दिले होते, त्यातले कितीतरी त्या आगीत गेले. त्यांचा फोन प्रज्ञाने बंद केलेला नाही. त्या नंबरवर यवतमाळहून अजून कोणाचा आवाज आलेला नाही.

मी औषध खात्याकडे लेखी तक्रार केली. तिथेही बिल मागितलं. भाव मी पाडला, बिल मी नको म्हटलं, तीन आठवडे मी घालवले. माझं जे आहे ते मी प्रज्ञासमोर बसून सांगितलं आणि इथे लिहून दिलं. आता, दुकानदारा, तू बोल. तुझं दुकान मला ठाऊक आहे आणि मी रोज त्या रस्त्याने जातो. सिस्टरनी तुला शिक्षा मागितली नव्हती, भरपाई मागितली नव्हती. त्यांनी तुला जो एकच प्रश्न विचारला, तो आता मी विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तुझी पायरी सोडणार नाही. ती जिवंत लस तू आणखी कोणाला दिलीस? नावं सांग.